बाय वीकचा फायदा नेमका किती, आणि कुणाला?

एका वाचकाकडून प्रश्न असा आला आहे. मुलगी अमेरिकेत शिकायला गेल्यापासून घरी शनिवारी कॉलेज फुटबॉल पाहिलं जातं. समालोचक सारखे सांगतात की अमुक संघ बाय वीकनंतर, म्हणजे सामना नसलेल्या मोकळ्या आठवड्यानंतर, ताजातवाना होऊन आलाय, म्हणून त्याचं पारडं जड आहे. पण २०२४ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेऱ्यांमध्ये, ज्या चार संघांना पहिल्या फेरीत बाय मिळाला, म्हणजे ती न खेळताच पुढे जाता आलं, ते चारही पुढच्याच सामन्यात हरले. मग मोकळ्या आठवड्याचा फायदा होतो, की लय बिघडते?

मी फिजिओथेरपी शिकून इथे अमेरिकेत आले आणि तेव्हापासून कॉलेज फुटबॉल संघांच्या ट्रेनिंग रूममध्ये काम करते आहे. माझं उत्तर आधीच सांगते. फायदा होतो, पण लोक समजतात त्याच्यापेक्षा तो बराच लहान असतो. माझ्या अंदाजाने सरासरी एखादा गुण, फार तर दीड. आणि ही सरासरी फसवी आहे, कारण हा गुण सगळ्यांना सारखा वाटला जात नाही. ज्या संघाचा एखादा मोक्याचा खेळाडू त्या दोन आठवड्यांत बरा होऊन परत येतो त्याला घसघशीत फायदा होतो, बाकीच्यांच्या हाती जवळपास काही लागत नाही. म्हणून ‘बाय होता का’ यापेक्षा ‘बायमध्ये कोण बरं झालं’ हे विचारावं.

आता सविस्तर.

वरच्या श्रेणीतले, म्हणजे एफबीएसमधले संघ नियमित हंगामात १२ सामने खेळतात. लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) आधीच्या शनिवारपासून थँक्सगिव्हिंगनंतरच्या (नोव्हेंबरचा चौथा गुरुवार) शनिवारपर्यंत बहुतेक वर्षी १३ शनिवार येतात. बारा सामने गेले की एक शनिवार उरतो, तोच बाय. थँक्सगिव्हिंग २७ किंवा २८ नोव्हेंबरला आला की शनिवार १४ होतात आणि संघांना दोन-दोन बाय मिळतात. २०१३, २०१४, २०१९, २०२४ आणि २०२५ ही तशी वर्षं. कुणाचा बाय कधी हे मुख्यतः कॉन्फरन्सचं, म्हणजे आपसात खेळणाऱ्या संघांच्या गटाचं, कार्यालय ठरवतं, आणि तिसऱ्या आठवड्यात बाय आलेला प्रशिक्षक त्या वेळापत्रकावर कधीच खूश नसतो. सप्टेंबरच्या मध्यात कुणाचं काही फारसं दुखत नसतं. तेव्हाचा बाय वाया जातो आणि पुढे नऊ-दहा शनिवार श्वास घ्यायला उसंत मिळत नाही. ऑक्टोबरच्या शेवटी आलेला बाय मात्र सोन्यासारखा. दोघांनाही आपण ‘बाय’च म्हणतो, आणि आकडेवारीतही दोघे एकाच रकान्यात बसतात. गोंधळ इथूनच सुरू होतो.

बाहेरच्या माणसाला वाटतं की बाय म्हणजे पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास करायला दुप्पट वेळ. प्रत्यक्षात तसं नसतं. एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेच्या नियमानुसार हंगामात खेळाडूंकडून आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त आणि दिवसाला ४ तासांपेक्षा जास्त खेळाचं काम घेता येत नाही, आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी द्यावीच लागते. सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी हिशेबात ३ तासच धरला जातो. म्हणजे बायच्या आठवड्यात कागदावर फक्त ते ३ तास मोकळे होतात. तेही बहुतेक प्रशिक्षक वापरत नाहीत.

साधारण बाय असा जातो. रविवारी तपासण्या आणि उपचार. सोमवारी सुट्टी. मंगळवार-बुधवारी सराव, पण त्यातला मोठा भाग टॅकलिंग, ब्लॉकिंग अशा पायाभूत गोष्टींचा. सरावाच्या शेवटी राखीव पोरांचा आपापसातला सामना, कारण एरवी ती सगळा हंगाम स्काउट टीममध्ये दुसऱ्यांच्या खेळी वठवत असतात आणि त्यांना स्वतःचं काही दाखवायची संधी मिळत नाही. गुरुवारी थोडा वेळ मैदानावर, मग पोरं घरी. ऑक्टोबरमध्ये मिडटर्म परीक्षा असतात, बऱ्याच जणांचा वेळ त्यात जातो. प्रशिक्षक मंडळी गुरुवारी-शुक्रवारी गावोगाव फिरतात, कारण शुक्रवारी रात्री हायस्कूलचे सामने असतात आणि पुढच्या वर्षीची भरती तिथेच होते. दोन-तीन दिवस ‘सेल्फ-स्काउट’मध्ये जातात. आपण तिसऱ्या डाउनला (दहा यार्ड पुढे जायच्या चारपैकी तिसऱ्या प्रयत्नात) किती वेळा पास करतो, अमुक रचनेत उभे राहिलो की आपली धाव कुठल्या बाजूला जाते, हे शत्रूच्या नजरेनं तपासायचं. हे काम फार मोलाचं आहे, पण त्याचा लाभ पुढच्या पाच-सहा सामन्यांवर पसरतो, एकट्या बायनंतरच्या शनिवारी मोजता येत नाही. उरला पुढचा प्रतिस्पर्धी. त्याच्यासाठी खरोखर मिळतात दोन, फार तर तीन जादा दिवस.

आता शरीराचं बघू, कारण माझा विषय तो आहे.

धडधाकट खेळाडूला दुसरा आठवडा फारसं काही देत नाही. सामन्यानंतर स्नायूंचं दुखणं एक-दोन दिवसांनी शिगेला पोहोचतं, मग उतरतं. उडी, वेग, ताकद बहुतेकांची बुधवार-गुरुवारपर्यंत परत येते. शनिवार ते शनिवार हे चक्र त्याच हिशेबाने चालतं आणि विशीतलं शरीर ते पेलतं. उलट सुट्टीचा एक धोका असतो. दहा दिवस पूर्ण वेगाने न पळालेला रिसीव्हर (पास झेलणारा) किंवा कॉर्नरबॅक (त्याला अडवणारा) एकदम सामन्याच्या वेगात गेला की हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) ओढली जाण्याची भीती असते. म्हणून बायच्या आठवड्यातही आम्ही या पोरांकडून मोजक्या, पण पूर्ण वेगाच्या धावा घेतोच. घरी जातानाही कागद हातात देतो: शनिवारी इतक्या धावा, इतक्या अंतराच्या. ‘गंज चढतो’ असं जे म्हणतात त्यात मला एवढंच तथ्य दिसतं, आणि एवढ्या गंजावर उपाय आहे.

दुखापत झालेल्यांचं गणित निराळं आहे. घोट्याच्या बाहेरच्या बाजूची साधी लचक एक ते दोन आठवडे घेते. हॅमस्ट्रिंगची हलकी दुखापत दोन-तीन आठवडे. डोक्याला मार लागून कन्कशन झालं तर आधी सगळी लक्षणं जावी लागतात, मग पायरीपायरीने परत यायचं. हलका व्यायाम, मग धावणं, मग संपर्काशिवाय सराव, मग संपर्कासह, आणि प्रत्येक पायरीला किमान २४ तास. शनिवारी कन्कशन झालेला मुलगा पुढच्या शनिवारी खेळणं त्यामुळे अवघड असतं. मध्ये बाय असेल तर बऱ्याचदा जमतं, आणि महत्त्वाचं म्हणजे कुणावर दडपण न येता जमतं. बायच्या आठवड्यात डॉक्टरच्या दारात घुटमळणारा प्रशिक्षक नसतो. खेळाडूही ‘मी बरा आहे’ असं खोटं सांगत नाही, कारण खोटं सांगून मिळवायला सामनाच नसतो. माझ्या दृष्टीने बायचा हा सगळ्यात चांगला गुण आहे आणि तो कुठल्याही आकडेवारीत दिसत नाही.

आमच्या खोलीत बायचा खरा डाव त्याच्या आधीच्या आठवड्यात खेळला जातो. एखाद्याचा घोटा दुखावला आहे, बायच्या आधी एक सामना बाकी आहे आणि तो त्यातल्या त्यात सोपा आहे. त्या एका सामन्यात त्याला बसवलं की एका सामन्याच्या मोबदल्यात तीन आठवडे हातात येतात. याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे २०१९ मधला अलाबामाचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा आणि आक्रमण चालवणारा खेळाडू, टुआ टागोवायलोआ. १९ ऑक्टोबरला टेनेसीविरुद्ध त्याच्या उजव्या घोट्याला वरच्या अंगाची लचक बसली, जी साध्या लचकीपेक्षा बरीच हट्टी असते. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. २६ तारखेच्या आर्कान्सॉविरुद्धच्या सामन्यात मॅक जोन्स खेळला. २ नोव्हेंबरला बाय. ९ नोव्हेंबरला, दुखापतीनंतर बरोब्बर २१ दिवसांनी, टुआ एलएसयूविरुद्ध (लुइझियाना स्टेट) उतरला आणि त्याने ४१८ यार्डांचे पास टाकले, चार टचडाउन केले.

अलाबामा तो सामना ४६-४१ असा हरला. बायनंतर हरलेला संघ म्हणून तो कुणाच्या तरी तक्त्यात नोंदला गेला असेल. पण २ नोव्हेंबरला बायच्या जागी सामना असता तर अलाबामाला तोही आपल्या क्वार्टरबॅकशिवाय खेळावा लागला असता, किंवा त्याला दोन आठवड्यांत घाईने उतरवावं लागलं असतं. बायने अलाबामाला जे दिलं ते त्या निकालात दिसतच नाही. आणखी एक गोष्ट: त्या शनिवारी एलएसयूही बायनंतरच आली होती. दोघांनाही सारखीच विश्रांती, म्हणजे फरक शून्य. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

मोक्याचा खेळाडू परत येण्याला कॉलेजमध्ये इतकी किंमत का? व्यावसायिक एनएफएलमध्ये पहिला खेळाडू बसला तर त्याच्या जागी येणारा दुसराही व्यावसायिकच असतो. आमच्याकडे बावीस वर्षांच्या, चार हंगाम वजनं उचलून घडलेल्या लेफ्ट टॅकलच्या (डाव्या बाजूने क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्याच्या) जागी गेल्या वर्षीपर्यंत हायस्कूलमध्ये खेळणारा अठरा वर्षांचा मुलगा येतो. त्याच्यासमोर उभा राहणारा एज रशर (कडेने क्वार्टरबॅकवर धावून येणारा) मात्र तोच असतो. मोठ्या संघांकडे दोन-दोन फळ्या तयार असतात. मध्यम संघांकडे, जिथे मी बराच काळ घालवला आहे, दुसऱ्या फळीत एक-दोन बरे आणि बाकी होतकरू असतात. अशा संघांना ऑक्टोबरच्या अखेरचा बाय संजीवनी ठरू शकतो.

इथे एक अभ्यास सांगायला हवा, कारण वरवर पाहता तो माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जातो. एनएफएलमधल्या विश्रांतीच्या फरकावर मायकेल लोपेझ आणि टॉम ब्लिस या संख्याशास्त्रज्ञांनी काम केलं आहे. त्यांना आढळलं की २०११ च्या आधी बायनंतर खेळणाऱ्या संघाला सुमारे दोन गुणांचा फायदा मिळत होता, आणि त्यानंतर तो जवळजवळ नाहीसा झाला. २०११ मध्ये काय झालं? खेळाडूंच्या संघटनेशी नवा करार झाला आणि बायच्या आठवड्यात सलग किमान चार दिवस सुट्टी सक्तीची झाली. म्हणजे विश्रांती वाढली आणि फायदा घटला! याचा सरळ अर्थ असा निघतो की आधीचा फायदा विश्रांतीचा नव्हताच, जादा सरावाचा होता.

मला हा निष्कर्ष पटण्यासारखा वाटतो, पण तो जसाच्या तसा कॉलेजला लावता येत नाही. एनएफएलच्या प्रशिक्षकाला भरतीसाठी गावोगाव फिरावं लागत नाही. आमच्याकडे २० तासांची मर्यादा १९९१ पासून आहे, म्हणजे जुन्या एनएफएलसारखा बायमध्ये हवा तितका सराव करून घ्यायची सोय कॉलेजला इतक्या वर्षांत नव्हतीच. राखीव खेळाडूंमधली दरी मी वर सांगितली. म्हणून कॉलेजमध्ये तयारीचा वाटा कमी आणि बरं होण्याचा वाटा जास्त, असं माझं मत आहे. तयारीचा वाटा शून्य आहे असं मात्र मी म्हणत नाही. एका खास जागी तो मोठा असतो, तिकडे येतेच.

त्याआधी आकड्यांबद्दल, कारण सगळे वाद इथेच घसरतात. ‘अमुक प्रशिक्षक बायनंतर इतक्या वेळा जिंकला’ हे वाक्य टीव्हीवर दर शनिवारी ऐकू येतं. कॉलेज फुटबॉलमध्ये सामन्याआधी बाजाराने ठरवलेला अपेक्षित फरक, ज्याला पॉइंट स्प्रेड म्हणतात, आणि प्रत्यक्ष लागलेला फरक यांत साधारण १६ गुणांची प्रमाणित तफावत (स्टँडर्ड डेव्हिएशन) असते. एका गुणाचा परिणाम या कल्लोळातून वेचून काढायचा आहे. एका हंगामात एक संघ बायनंतर आणि दुसरा नाही असे समजा १०० सामने मिळाले, तर सरासरीतली अनिश्चितता निघते १६ भागिले १००चं वर्गमूळ, म्हणजे १.६ गुण. जो शोधायचा त्याच्याहून त्रुटी मोठी. अनिश्चितता अर्ध्या गुणावर आणायला सुमारे हजार सामने, म्हणजे दहाएक हंगाम लागतात, आणि दहा हंगामांत नियम, कॉन्फरन्स, खेळाची शैली, सगळंच बदलून जातं. आता एकच प्रशिक्षक घ्या. बारा वर्षांत बायनंतरचे बारा सामने. अनिश्चितता साडेचार गुणांच्या वर. त्यातून त्याला ‘बायचा जादूगार’ ठरवणं म्हणजे नाणं काही वेळा उडवून नाण्याचा स्वभाव सांगणं.

एनएफएलमधला अँडी रीड हे या बाबतीतलं गाजलेलं नाव. फिलाडेल्फिया ईगल्सबरोबरच्या १४ वर्षांत तो बायनंतरचे १३ सामने जिंकला, एकच हरला. त्याचा संघ एरवीही दहापैकी सहा सामने जिंकायचा. तेवढ्या क्षमतेच्या प्रशिक्षकाला निव्वळ योगायोगाने १४ पैकी १३ किंवा त्याहून जास्त जिंकण्याची शक्यता एक टक्क्याच्या आतबाहेर येते. दुर्मीळ आहे, पण असे शंभर प्रशिक्षक तपासले तर एखादा सापडेल अशीच अपेक्षा ठेवावी लागते. रीड उत्तम तयारी करून घेतो यात मला शंका नाही. पण बाकीच्यांची नावं आपण कधी ऐकतच नाही, कारण त्यांच्या नोंदी सांगण्यासारख्या नसतात.

दुसरी अडचण निवडीची. बाय यादृच्छिकपणे वाटले जात नाहीत. जॉर्जिया आणि फ्लोरिडा दरवर्षी भेटतात, त्याआधी बहुतेक वर्षी दोघांनाही बाय असतो. अलाबामा आणि एलएसयू यांचंही बरीच वर्षं तसंच होतं. ५ नोव्हेंबर २०११ चा त्यांचा सामना, पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या संघांतला, एलएसयूने जादा वेळेत ९-६ असा जिंकलेला, तोही दोघांच्या बायनंतरचा. संघ आपल्या सगळ्यात कठीण सामन्याआधी मोकळा आठवडा मागतात. म्हणून बायनंतरचे प्रतिस्पर्धी सरासरीपेक्षा तगडे निघतात आणि नुसती जय-पराजयाची टक्केवारी काढली तर बाय निरुपयोगी वाटतो. त्यामुळे मोजायचा असतो दोन संघांच्या विश्रांतीतला फरक, तोही प्रतिस्पर्ध्याची ताकद आणि मैदान विचारात घेऊन. घरच्या मैदानाचा फायदा दोन-तीन गुणांचा धरला जातो. साधारण त्याच्या निम्मा, असं मी बायला मानते. बरोबरीच्या सामन्यात एक गुण म्हणजे जिंकण्याची शक्यता ५० ऐवजी ५२-५३ टक्के.

हे सगळं एकाच हंगामात पाहायचं असेल तर अलाबामाचं २०१० साल घ्या. आदल्या वर्षीचा राष्ट्रीय विजेता, हंगामाच्या सुरुवातीला पहिल्या क्रमांकावर. साउथईस्टर्न कॉन्फरन्समधल्या त्याच्या आठपैकी शेवटचे सहा प्रतिस्पर्धी ओळीने बायनंतर त्याच्यासमोर आले: साउथ कॅरोलायना, ओल मिस, टेनेसी, एलएसयू, मिसिसिपी स्टेट, ऑबर्न. त्यावरून केवढी ओरड झाली. हंगामात अलाबामा तीन सामने हरला आणि तिन्ही या सहांतले. बायचा विजय, असं कुणालाही वाटेल.

पण एकेक सामना उघडून बघा. साउथ कॅरोलायनाने ३५-२१ ने हरवलं ते स्वतःच्या मैदानावर, आणि अलाबामा त्याआधी लागोपाठ आर्कान्सॉ आणि फ्लोरिडाशी खेळून आलेला होता. इथे बायचा वाटा असू शकतो, मी तो मान्य करते. एलएसयूविरुद्ध २४-२१ अशी हार झाली, पण त्या वेळी अलाबामालाही बाय होता. फरक शून्य, म्हणून हा सामना यादीतून बाद. ऑबर्नला २६ नोव्हेंबरच्या सामन्याआधी १३ दिवस मिळाले होते, आणि अलाबामाने आदल्या आठवड्यातला सामना गुरुवारी, जॉर्जिया स्टेटसारख्या दुबळ्या संघाशी खेळल्यामुळे त्याला ८ दिवस. आणि काय झालं? विश्रांती घेऊन आलेला ऑबर्न सुरुवातीलाच २४-० असा मागे पडला. नंतर कॅम न्यूटनने सामना २८-२७ असा फिरवला. तो त्या वर्षीचा हाइजमन, म्हणजे सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या पुरस्काराचा, विजेता होता आणि ऑबर्न पुढे १४-० अशी राष्ट्रीय विजेती झाली. तो संघ कुणालाही, कधीही हरवू शकत होता. उरलेले तीन सामने अलाबामाने २३-१०, ४१-१० आणि ३०-१० असे आरामात जिंकले. सहा सामने, तीन पराभव, आणि त्यांतला फार तर एक मी बायच्या खात्यावर लिहीन.

तरीही अलाबामाच्या चाहत्यांची तक्रार मला रास्त वाटते. एकेका सामन्यात परिणाम छोटा असला तरी सहापैकी पाच सामन्यांत तुमच्याहून ताजा संघ समोर येणं हा अन्याय आहे, आणि वेळापत्रक करणाऱ्यांनी तो टाळायला हवा होता. थकवा साठतो. सातव्या-आठव्या आठवड्यात लाइनमनच्या खांद्यांकडे पाहिलं की ते कळतं.

आता तयारीची ती खास जागा: ट्रिपल ऑप्शन. नेव्ही, आर्मी, आणि २००८ ते २०१८ या काळात पॉल जॉन्सनच्या हाताखालचं जॉर्जिया टेक. या आक्रमणात क्वार्टरबॅक चेंडू कुणाकडे देणार हे शेवटच्या क्षणी ठरतं, आणि ब्लॉकर बचावपटूच्या कमरेखाली झडप घालतात. वर्षातून एकदाच समोर येणारी ही शैली तीन-चार दिवसांत शिकवणं अवघड, कारण स्काउट टीमला ती त्या वेगात वठवताच येत नाही. इथे प्रत्येक जादा दिवस उपयोगी पडतो. महिनाभर तयारी मिळालेल्या एलएसयूने २००८ च्या शेवटी जॉर्जिया टेकचा ३८-३ असा धुव्वा उडवला. वर्षभराने ऑरेंज बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात आयोवाने त्यांना २४-१४ ने रोखलं. त्यावरून लोकांनी नियमच करून टाकला की वेळ द्या आणि ऑप्शन संपलं. मग २०१४ च्या ३१ डिसेंबरला त्याच ऑरेंज बोलमध्ये जॉर्जिया टेकने मिसिसिपी स्टेटविरुद्ध ४९ गुण केले. तयारीचा उपयोग होतो, पण खेळणाऱ्यांचा दर्जा त्याच्या वर राहतो. ट्रेनिंग रूमच्या बाजूनेही एक गोष्ट सांगते. ऑप्शनच्या तयारीच्या आठवड्यात सरावात गुडघे सांभाळणं हे आमचं मोठं काम असतं, त्यामुळे तिथे बाय मिळाला तर तो आम्हालाही हवाच असतो.

जाता जाता, बायचा आणखी एक उपयोग घडी बसवण्याचा. २०१३ मध्ये यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया) २८ सप्टेंबरला ॲरिझोना स्टेटकडून ६२-४१ असा हरला आणि लगेच प्रशिक्षक लेन किफिनला काढलं. पुढचा सामना १० ऑक्टोबरला होता. हंगामी प्रशिक्षक एड ऑर्जेरॉनला ते दिवस मिळाले, आणि संघाने ॲरिझोनाला ३८-३१ ने हरवलं. वर सांगितलेल्या २०१९ च्या एलएसयूचा प्रशिक्षकही हाच ऑर्जेरॉन.

राहिला तुमचा प्लेऑफचा प्रश्न. १२ संघांच्या पहिल्याच प्लेऑफमध्ये ओरेगॉन, जॉर्जिया, बॉइझी स्टेट आणि ॲरिझोना स्टेट यांना बाय मिळाला आणि चौघंही उपांत्यपूर्व फेरीत हरले, हे खरं. पण बाय गुणवत्तेच्या क्रमाने दिलेले नव्हते. त्या वर्षी नियम असा होता की पहिली चार मानांकनं कॉन्फरन्स विजेत्यांनाच मिळतील. समितीच्या क्रमवारीत बॉइझी स्टेट नववी होती आणि ॲरिझोना स्टेट बारावी. अनुक्रमे पेन स्टेट आणि टेक्सस यांच्यापुढे त्या हरतील अशीच अपेक्षा होती, आणि ॲरिझोना स्टेटने तर टेक्ससला दोन जादा डावांपर्यंत खेचलं. जॉर्जियाचा क्वार्टरबॅक कार्सन बेक कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात कोपर दुखावून हंगामाबाहेर गेला होता आणि नोट्र डेमविरुद्ध गनर स्टॉकटन आयुष्यात पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळत होता. कोपराची ती दुखापत तीन आठवड्यांच्या विश्रांतीने बरी होणारी नव्हती. बायची मर्यादा इथे दिसते.

ओरेगॉनचं मात्र विचार करण्यासारखं आहे. अपराजित संघ, २५ दिवसांनी मैदानात उतरला आणि ओहायो स्टेटकडून ४१-२१ असा हरला. गंज? ओहायो स्टेटही ३० नोव्हेंबरला मिशिगनकडून हरल्यावर थेट २१ डिसेंबरला खेळली होती, तीन आठवड्यांच्या खंडानंतर, आणि टेनेसीला ४२-१७ ने लोळवलं होतं. टेनेसीलाही तेवढाच खंड होता. म्हणजे लांब सुट्टीने ओहायो स्टेट बिघडली नाही. माझ्या मते ओरेगॉनपुढची अडचण एवढीच होती की समोरच्याने सुट्टीनंतरचा पहिला सामना आधीच खेळून घेतला होता, आणि समोरचा संघ त्या महिन्यात देशातला सगळ्यात चांगला होता. साधा बाय १४ दिवसांचा असतो. २५ दिवस ही वेगळी गोष्ट आहे, दोन्ही एकाच मापाने मोजू नका.

त्याच हंगामात त्याच ओहायो स्टेटने साध्या बायचंही छान उदाहरण देऊन ठेवलं आहे. १२ ऑक्टोबरला ओरेगॉनविरुद्धच्या पहिल्या सामन्यात त्यांचा लेफ्ट टॅकल जॉश सिमन्स गुडघ्याच्या दुखापतीने हंगामाबाहेर गेला. १९ तारखेला बाय. त्याच दिवशी नेब्रास्का इंडियानाकडून ५६-७ अशी चिरडली गेली. २६ तारखेला कोलंबसमध्ये दोघे समोरासमोर आले. एक ताजा, घरच्या मैदानावरचा, मोठा दावेदार, दुसरा आठवड्यापूर्वी पन्नासच्या वर गुण खाल्लेला. ओहायो स्टेट जेमतेम २१-१७ अशी जिंकली. बाकी सगळ्यांना मिळालेल्या दोन आठवड्यांनी डाव्या टॅकलच्या जागेवरचं भोक बुजलं नाही. पुढच्या सामन्यापासून गार्ड डोनोव्हन जॅक्सनला त्या जागी हलवलं, तिथून पुढे लाइन सावरली आणि जानेवारीत तो संघ राष्ट्रीय विजेता झाला.

तेव्हा पुढच्या वेळी समालोचक बायचा हवाला देतील तेव्हा आधी दुसऱ्या संघाने शेवटचा सामना कोणत्या तारखेला खेळला ते बघा. गुरुवारी खेळलेला संघ नऊ दिवसांनी येतो, तोही अर्धा बायच असतो. मग बाय हंगामात कुठे पडला ते बघा. आठव्या-नवव्या आठवड्यातल्या बायला मी वजन देते, तिसऱ्यातल्याला नाही. आणि त्यानंतर नावं बघा: बायच्या आधीच्या सामन्यात कोण बसला होता, आणि आता कोण परतला. पूर्वी ही माहिती बाहेर येतच नसे. आता बिग टेन कॉन्फरन्स २०२३ पासून आणि साउथईस्टर्न कॉन्फरन्स २०२४ पासून खेळाडूंच्या उपलब्धतेचे अहवाल जाहीर करते. साउथईस्टर्नचा पहिला अहवाल सामन्याच्या तीन दिवस आधी येतो आणि शेवटचा ९० मिनिटं आधी, बिग टेनचा दोन तास आधी. त्यात क्वार्टरबॅक, दोन्ही टॅकल आणि कॉर्नरबॅक यांच्या नावांपुढे काय लिहिलंय ते वाचा. चौघंही उपलब्ध असतील आणि बायच्या आधीही होते, तर संघाला अर्धा गुण द्या आणि पुढे चला. त्यांतला एखादा बाहेर होता आणि आता आत आला असेल, तर तीन गुण द्यायलाही माझी हरकत नाही.